रुमालाचा दुसरा तुकडा

फरगाणा खोऱ्यातल्या त्या उबवणी केंद्रात, अंडी यंत्रात ठेवल्यापासून बाविसाव्या दिवशी सकाळी कुणी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी ओयदिन-ओपा, सगळ्यांची थोरली ताई, न उबलेली अंडी फोडायला बसायची. सत्तावीस वर्षं ती हेच करत होती. अंड्यात काही धरलंच नसेल तर दोष कोंबड्यांचा, नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर अंडी साठवणाऱ्याचा, घाण वास सुटला तर धुणाऱ्याचा. तिचं बोट आपल्याकडे वळू नये म्हणून भलेभले तिला गरम नान आणून द्यायचे. ओपा नान खायची आणि नावही सांगायची.

आज चार हजारांतली नऊशे पिल्लं बाहेर आलीच नव्हती. साहेब सैदमुरोद तिच्या डोक्यावर उभा. यंत्र सांभाळणारा होशिम भिंतीला चिकटलेला.

"ओपा, लवकर सांगा. याची चूक असेल तर आजच घरी पाठवतो."

"अंडी फोडतेय मी, अक्रोड नाही. जरा दम धर."

पहिल्या अंड्यात पूर्ण वाढलेलं पिल्लू निघालं, चोच हवेच्या पोकळीत खुपसलेली. दुसऱ्यात तेच. तिसाव्यातही तेच.

"गुदमरलीत," ती म्हणाली.

"यंत्राचा हवेचा झरोका कुणी बंद केला?" साहेब होशिमवर धावला.

"मी हात नाही लावला हो! ओपा, लेकरांची शपथ!"

ओपाचा हात थांबला. एकोणिसाव्या दिवशी शहरातले पाहुणे आले होते. "वा, काय भरगच्च यंत्र!" म्हणून गेले. ते कौतुक तिला बोचलं. तिनं निखाऱ्यावर इसिरिकचा पाला टाकून यंत्राची दृष्ट काढली आणि धूर आत टिकावा म्हणून मागच्या झरोक्यात आपल्या जुन्या फुलाफुलांच्या रुमालाचा तुकडा कोंबला. तासाभरात काढणार होती. तेवढ्यात घरून निरोप आला, तान्हा नातू दूध पीत नाही. ती तशीच धावली. पुढं विसरली.

आता गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? होशिम मात्र आयुष्यातून उठला असता.

"त्याला सोड," ती म्हणाली. "झरोक्यात माझा रुमाल आहे."

"तुम्ही? ओपा, तुम्ही?"

होशिमनं स्टुलावर चढून तुकडा ओढून काढला. ओपानं त्याची फाटकी कड पाहिली आणि ती ताडकन उठली. दुसरा तुकडा तिनं घरी सुनेच्या खिडकीच्या फटीत कोंबला होता, ह्याच हातांनी. बाळ पंचवीस दिवसांचं. चाळीस दिवस परक्याची नजर पडू नये म्हणून खोली बंद, आत कोळशाची शेगडी, सकाळ-संध्याकाळ इसिरिकचा धूर. आज सकाळीच सून गुलसनम सासूला म्हणाली होती, "आया, डोकं फुटतंय. बाळही मलूल आहे."

"दृष्ट उतरतेय. पडून राहा," असं सांगून ती निघून आली होती.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. साहेब काय ओरडत होता ते तिला ऐकूच येत नव्हतं. ती बाहेर रस्त्याकडे धावली.

"बसा मागं," होशिम मोटरसायकलवरून म्हणाला.

खोलीत शिरताच तिनं रुमाल उपटला आणि खिडकी ढकलली. गोठलेली चौकट हलेना, तेव्हा शेगडीचा चिमटा काचेवर घातला. होशिमनं सुनेला ओढत उंबऱ्याशी आणलं. ती कण्हली. बाळाचे ओठ निळसर होते. ओपानं त्याला उचलून फुटक्या खिडकीशी, थंड हवेत धरलं. सत्तावीस वर्षं ती मेलेली पिल्लं हातात घेऊन कशानं मेली ते सांगत आली होती. हातातलं हे जिवंत आहे की नाही, ते तिला सांगता येत नव्हतं.

मग बाळ शिंकलं आणि टाहो फोडून रडलं.

"आया," गुलसनम उंबऱ्यावरून क्षीण आवाजात म्हणाली, "दार लावा. होशिम-अका परके आहेत. बाळाला नजर लागेल."

"लागू दे," ओपा हुंदके देत म्हणाली. "होशिम, दार सताड उघड. आणि जवळ येऊन बघ, श्वास घेतोय ना?"