होस्टेलची शनवारी

शनिवारी ही पोरगी पेन धरायची नाही, की दिव्याचं बटण दाबायची नाही. म्हणून पोरींनी तिचं नाव पाडलं शनवारी. खरं नाव एस्तेर. अलिबागकडची बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. वडील बँकेच्या बदलीवर विसरवाडीला आणि ही शहाद्याला कॉलेजात. मी होस्टेलची रेक्टर, तोंडाची फटकळ. पण हिच्यापुढं माझं काही चालत नसे.

मेसच्या मावशीला वाटायचं, पोरगी मारुतीचा शनिवार धरते. दर शनिवारी हिच्यापुरती साबुदाण्याची खिचडी वेगळी! "अगं, तुमचा शनिवार म्हणजे उपास नव्हे, काम बंद ठेवून पाळायचा सणाचा दिवस. सांगून टाक ना तिला," मी म्हटलं. "नको हो मॅडम, किती मायेने करतात त्या," म्हणून ही वाटी चाटूनपुसून साफ.

खोलीतली जोडीदारीण खापरची मीना. शनिवारी दिवा तीच लावायची. तिच्या नि पोरींच्या संगतीनं शनवारी वर्षभरात फर्डी अहिराणी बोलायला लागली. तिला बी.ए. करून इथंच मराठी शिकवायचं होतं. "मी जाणार नाही इथून, तुमच्याच डोक्यावर मिरे वाटणार," म्हणायची.

मग तिकडे इस्रायलात लढाई पेटली नि इथं पोरांच्या मोबाइलमध्ये आली. एक टोळकं हिला बघून ओरडायचं, "ताई, तुन्हा देशनी तं कमाल करी टाकी!" दुसरं वाट अडवायचं, "तठे लेकरं मरी ऱ्हायनात, तुले झोप कशी येस?" ती दोघांनाही एकच सांगायची, "भाऊ, मन्हा देश हाऊच शे." हाच माझा देश! ऐकतो कोण! त्या लेकरांसाठी तिचाही जीव तुटायचा, पण ते बोलायची सोयच उरली नाही. हळूहळू ती मेसमध्ये जेवायला बसेना. ताट खोलीत न्यायची आणि तसंच परत आणायची.

मी तणतणत प्राचार्यांकडे गेले. ते हसले. "मॅडम, आपलं कॉलेज सर्वधर्मसमभावाबद्दल जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. माहितीपत्रकावर तिचाच फोटो छापलाय की!" आता या माणसापुढं डोकं आपटावं की काय? फोटो काय तिच्या बाजूनं भांडणार होता?

शेवटी वडिलांनी तिला गावी न्यायचं ठरवलं. एक वर्ष राहिलं होतं. "मॅडम, मला इथंच राहायचंय," म्हणून माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी काय करणार होते?

निरोप समारंभ मात्र थाटात झाला. शाल, नारळ आणि प्राचार्यांचं भाषण: "आपली लाडकी विद्यार्थिनी आज आपल्या मायदेशी परत जात आहे!" टाळ्यांचा कडकडाट.

"अहो, अलिबागला चाललीय ती!" मी जागेवरून ओरडले. त्या गलक्यात कुणाला ऐकू जाणार?

शनवारी स्टेजवरून खाली उतरली. शाल माझ्या हातात देऊन म्हणाली, "कशाला ओरडता, मॅडम? आता तर तुझा देश कोणता असं कुणी विचारलं, तर माझ्याच तोंडून शब्द फुटत नाही."