भोंग्याची हजेरी

पुण्याच्या मॅडमचा फोन आला तेव्हा मी बूथमध्ये बकरीचा आवाज काढून राह्यलो होतो. काचेपलीकडून संजूभाऊनं हात हलवला. मले वाटलं बकरी आवडली, म्हणून मी अजून एकदा बें केलं. मंग बाहेर येऊन पाह्यलं तं त्याचं तोंड उतरलेलं, अन् फोन स्पीकरवर.

"क्लिपखालच्या कमेंट वाचल्या का तुम्ही?" मॅडम विचारत होत्या.

"वाचल्या ना मॅडम. लोकं हसून हसून बेजार आहेत," संजूभाऊ म्हणाला.

"ते तुमचे खामगावचे. मी फॅन्सबद्दल बोलतेय. त्या मालिकेचे जे खरे चाहते आहेत ना, त्यांच्याबद्दल."

संजूभाऊ माया मालक. आधी लग्नाचे व्हिडिओ शूटिंग करे. मंग बियाण्याच्या दुकानावरची खोली घेतली, भिंतीले फोम लावला अन् डबिंग स्टुडिओ काढला. डबिंग म्हणजे पडद्यावरच्या दुसऱ्या कोणाच्या तोंडात आपला आवाज बसवणं. मी त्याच्याकडं आवाज लावतो. शाळेत मास्तराईच्या नकला करून जेवढा मार खाल्ला, त्याचंच हे पुढं काम झालं.

पुण्याच्या कंपनीनं आम्हाले एक परदेशी कार्टून दिलं होतं, वऱ्हाडीत करायले. पह्यले चार भाग नमुन्याचे. जमले तं अख्खा सीझन आमचा. कार्टून असं की एक खटारा अंतराळयान आहे, त्यात पाच जण भटकत राह्यतात, अन् यानाची मशीन त्यायले सांभाळते. ती मशीन म्हणजे मी. तिले चेहरा नाही, भिंतीवर नुसता एक जुनाट भोंगा. डबिंगवाल्यासाठी ही लॉटरीच. तोंड दिसलं की ओठाच्या हालचालीत शब्द बसवा लागतात. भोंग्याले ओठ कुठून येतीन? म्हणून कॉमेडीत आम्ही अशा ठिकाणी आपल्या मनाच्या ओळी टाकतो. त्याले फिलर म्हणतात. मोकळी जागा दिसली की फिलर टाकायचा, हा आमच्या धंद्याचा रिवाजच आहे.

चौथ्या भागात भोंगा सकाळची हजेरी घेते, आम्ही ठेवलेल्या गावठी नावाईनं. बंडू. हजर. नारायण. हजर. वसंता. उत्तर नाही. भोंगा थोडा थांबते, अन् मंग पुढचं नाव घेते, सुमन. वसंता हा यानाचा खादाड स्वयंपाकी. सगळ्याईले वाटते तो मागच्या ग्रहावर सुटला. पुढच्या सीनमध्ये तो फ्रीजमधून निघते, हातात कोंबडीची तंगडी. तं मी त्या थांबण्याच्या जागी टाकलं, "कुठी उलथला बे हा?" स्टुडिओत सगळे हसले. मॅडमनं बी हसणाऱ्या बाहुल्या पाठवल्या अन् तीच क्लिप जाहिरातीले लावली.

आता मॅडम हसत नव्हत्या.

"रविवारी मी खामगावला येतेय. प्रिव्ह्यू ठेवा, फॅन्सना बोलवा. वऱ्हाडीत हा सीन पेलणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मग हा भाग पुण्यात प्रमाण मराठीत करू, आणि पुढचेही तिकडेच होतील."

फोन ठेवल्यावर मी मोबाईल काढला.

मी कमेंट वाचायले बसलो. या कार्टूनवाल्याईनं भागाभागात जुन्या विज्ञानपटाच्या खुणा पेरल्या आहेत. कुठी मागच्या भिंतीवर जुन्या रॉकेटचं चित्र, कुठी एखाद्या यंत्रमानवाची चाल. चाहते चित्र थांबवू थांबवू त्या हुडकतात अन् कोणाले आधी दिसली यावरून भांडतात. त्यात ही हजेरी त्यायची सगळ्यात लाडकी. एका जुन्या काळ्यापांढऱ्या पिक्चरमधून जशीच्या तशी उचललेली. हे मले कोणी सांगतलं नव्हतं. सगळ्यात लांब कमेंट एका बाईची होती, चाहत्याईच्या ग्रुपच्या ॲडमिनची. शेवटी लिहिलं होतं, "हा आवाज खामगावचा आहे म्हणून जास्त वाईट वाटतं, कारण मी चिखलीची आहे."

दुसऱ्या दिवशी तिच्या प्रोफाईलवरचा पत्ता घेऊन मी चिखलीची एसटी धरली.

त्या दातांच्या डॉक्टर निघाल्या. दवाखान्यात दातांच्या तक्त्याशेजारी अंतराळयानाचं पोस्टर. मी दारातूनच नाव सांगतलं.

"तुम्हीच का तो भोंगा?"

"हाव मॅडम."

"बसा."

बसायले पेशंटची खुर्चीच होती. मी टेकलो तं ती मागं गेली. वरून दिवा डोळ्यात. माफी मागायले इतकी वाईट पोझिशन नाही.

त्यायनं मोबाईलवर तो जुना सीन लावला. यानाची मशीन रोज सकाळी नावं घेते. एक माणूस बाहेर दुरुस्तीले गेलेला, त्याची दोरी तुटली. मशीनले हे कोणी सांगतलंच नाही. ती त्याचं नाव घेते अन् थांबते. सगळ्याईसाठी जेवढी थांबे तेवढीच. मंग पुढचं नाव.

"रडत नाही, ओरडत नाही. वाट पाहते फक्त," डॉक्टर म्हणाल्या. "आमचा ग्रुप जमला की हा सीन लावतो. त्या नावापाशी कोणी श्वास घेत नाही. असं ठरवलेलं नाही, आपोआप होतं. कार्टूनवाल्यांनी तेवढाच थांबा ठेवला, तेव्हा आम्हाला कळलं की तेही आमच्यातलेच आहेत. आणि तिथे तुम्ही बोलले."

"पण मॅडम, ते तं कॉमेडी आहे ना."

"म्हणूनच तर. थांबा खरा वाटला तरच फ्रीजमधल्या वसंताचं हसू येतं. तुम्ही आधीच हसवून टाकलं. मग तो फ्रीजमधून निघाला काय अन् न निघाला काय."

हे मले कळायले पाह्यजे होतं, कारण हसवणं तं माया धंदा.

"रविवारी खामगावले प्रिव्ह्यू आहे, याल ना मॅडम?"

"येऊ. आमचे दहा-बारा जण येतील. आता तोंड उघडा."

"काऊन?"

"आलेच आहात तर पाहून घेते."

उजवीकडची दाढ किडलेली निघाली. एकाच्या जागी दोन काळज्या घेऊन मी खामगावले परतलो.

"सोपं आहे मंग. ती ओळ उडवून टाक," संजूभाऊ म्हणाला.

पल्लवीनं उडवली अन् लावून दाखवलं. पल्लवी आमची रेकॉर्डिस्ट, म्हणजे आवाज घेणं अन् जोडणं तिच्याकडं. स्पीकर एकदम मेल्यावानी झाला.

तिनं समजावलं. मूळ कार्टूनमध्ये भोंगा थांबला तरी त्याची बारीक घरघर चालू राह्यते. आम्हाले कंपनीकडून येते ते वेगळं, नुसतं संगीत अन् पावलं, दरवाजे असे आवाज. पात्रांचं बोलणं काढून टाकलेलं. भोंग्याची घरघर बोलण्यालेच चिकटलेली होती, म्हणून ती बी निघून गेली. आता वसंताच्या नावानंतर काहीच राह्यलं नव्हतं.

संजूभाऊनं डोकं धरलं. "रविवारी हॉलमध्ये पोट्टे समजतीन आवाज गेला. शिट्ट्या मारतीन. पुण्याच्या मॅडमसमोर."

खोटं नव्हतं. आमच्याकडं आवाज गेला हे ऑपरेटरच्या आधी मागच्या रांगेले कळते.

"खोलीचाच आवाज घेऊ," पल्लवी म्हणाली. कोणी बोलत नसलं तरी हरेक खोलीचा आपला एक आवाज असते, त्याले रूम टोन म्हणतात. "हा माइकसमोर उभा राहीन, नावं घेईन, मी माइक बंदच करणार नाही. मंग सगळ्यालेच भोंग्याचा इफेक्ट लावू, म्हणजे घरघर बी येईन."

पण आमच्या बाजूले जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, अन् त्यात कापसाचा सीझन. मशीन चालू असली की जमिनीतून घुमते, फोमले जुमानत नाही. म्हणून जिनिंगची जेवणाची सुट्टी झाली की आम्ही घाईनं रेकॉर्डिंगले लागायचो.

मी नाव घेतलं. वसंता.

"चिडवून राह्यला का त्याले?" पल्लवी हेडफोनमध्ये म्हणाली.

पुन्हा घेतलं.

"आता शोकसभा झाली."

तिसऱ्या खेपेले मी काहीच न करता घेतलं. मले वाटलं जमलं. तिनं ते दोनदा लावून ऐकलं.

"तू थांबून नाही राह्यला बे. नुसता गप उभा आहे. तुले माहीत आहे ना, तिकडून कोणी बोलणार नाही म्हणून."

"मंग काय करू?"

"तू नावं घे. हजर मी म्हणीन तुया कानात. कोणत्या नावाले म्हणीन अन् कोणत्या नावाले नाही, ते सांगणार नाही."

बूथमध्ये पंखा बी बंद ठेवावा लागते. घाम गळ्यापर्यंत आला होता. बाहेर जिनिंगवाल्याईचे डबे बंद होऊन राह्यले होते. आता नाही जमलं तं उद्यावर, अन् उद्या रविवार.

बंडू. कानात तिचं हजर. नारायण. हजर. वसंता.

आता म्हणते, आता म्हणते, असं वाटत राह्यलं. मान आपोआप पुढं गेली. जन्मात मी कोणतीच शांतता रिकामी सोडली नव्हती, वर्गात नाही की मयतीत नाही. जिभेवर ओळ येऊन बसली होती. मी ती गिळली.

सुमन.

पल्लवीनं काचेपलीकडून अंगठा दाखवला, अन् तेवढ्यात जिनिंग सुरू झाली.

रविवारी एका कोचिंग क्लासचा हॉल घेतला. पुढच्या रांगेत डॉक्टर अन् त्यायचे ग्रुपवाले. कोणी शेगावहून, कोणी मेहकरहून. मागं संजूभाऊच्या दोस्ताईची फौज, आलेली तीच उलथला-वाली ओळ ऐकायले. मधात पुण्याच्या मॅडम, मांडीवर लॅपटॉप. मी अन् संजूभाऊ ॲम्प्लिफायरपाशी.

पह्यले तीन भाग बरे गेले. चौथा लागला. हजेरी सुरू झाली.

बंडू. नारायण.

"आता पाह्य, आता पाह्य," मागून एक जण शेजारच्याले म्हणाला.

वसंता.

भोंगा घरघरत राह्यला. मागं खुर्च्या करकरल्या. एक पोट्टा शिट्टीसाठी दोन बोटं तोंडाशी नेऊन राह्यला होता. संजूभाऊचा हात आवाजाच्या बटणाकडं सरकला. मी त्याचं मनगट धरलं. त्यानं सोडवायले पाह्यलं, मी सोडलं नाही. पुढच्या रांगेची डोकी हालत नव्हती. एकाचा बी खांदा वरखाली होत नव्हता. मागचे पोट्टे पडद्याकडं नाही, त्या डोक्याईकडं पाहून राह्यले होते. शिट्टीवाल्याची बोटं तोंडापाशीच राह्यली.

सुमन.

मंग फ्रीज उघडला, तंगडी घेऊन वसंता निघाला, अन् हॉल फुटला. आधी मागचे हसले, मंग पुढचे. डॉक्टर रुमालानं डोळे पुसून पुसून हसत होत्या. मी अजून संजूभाऊचं मनगट धरूनच होतो.

दिवे लागल्यावर मॅडम आमच्याकडं आल्या.

"छान झालंय. तो सीन तर वऱ्हाडी वाटलाच नाही."

"वऱ्हाडीच आहे मॅडम," मी म्हणलं. "वऱ्हाडीतच गप बसलो होतो."

मॅडम हसल्या नाहीत. त्यायनं डॉक्टरले विचारलं, "तुमचं काय मत?"

"थांबा लांबलाय," डॉक्टर म्हणाल्या. "मूळचा इतका नाही."

संजूभाऊनं मायाकडं पाह्यलं. रेकॉर्डिंग करताना मी खराच थांबलो होतो, घड्याळ पाहून नाही. भोंग्याले ओठ नाहीत म्हणून पुढचं नाव जरा उशिरा पडलं तरी चित्रात कळलं नव्हतं. पण जिनं तो सीन पाठ केला आहे तिले कळणारच.

"मग कापून घेऊ या," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टरनं मान हलवली.

"नको. राहू द्या. एवढ्या वेळा पाहिलाय हा सीन. आज पहिल्यांदा मला वाटलं, तो हजर म्हणेल."

मॅडमनं लॅपटॉप बंद केला. दोन दिवसांनी मेल आला, सीझन खामगावलेच राह्यला. जाहिरातीची जुनी क्लिप काढून नवी लावली तशा तिच्याखाली आमच्या गावच्या कमेंट सुरू झाल्या, तो डायलॉग काऊन काढला म्हणून. त्या अजून चालूच आहेत. दाढेचं काम डॉक्टरनीच केलं.

फिलर टाकणं मी सोडलं नाही, पोट त्याच्यावरच आहे. पण आता टाकायच्या आधी दोनदा पाहतो. एसटीत रिकामी सीट पाहून आपण घाईनं बसायले जातो, अन् पाहतो तं तिथं कोणाचा तरी रुमाल टाकलेला असते. त्याच्यावर बसलं की माणूस कुठून तरी येतेच, अन् भांडण होते. कार्टूनमध्ये बी तसंच आहे.