मॅडमच्या गाडीत हवा किती?

आमच्या स्टाफरूममध्ये डबे उघडले की पाच मिनिटांत विषय माझ्या गाडीवर येतो आणि गाडीवरून टायरवर. मी काही मुद्दाम साठवत नाही हो हे किस्से! पण ज्या गाडीचं कुठलं ना कुठलं चाक दर चार दिवसांनी खाली बसतं, तिच्या मालकिणीकडे दुसरं काय साठणार? बांते मॅडम तर म्हणतात, "तुम्ही टायर बदलू नका. आम्ही जेवताना काय ऐकायचं?"

मी राहते कारध्याला, शाळा आंधळगावला. शिकवते मराठी. सेकंडहँड गाडी घेतली तेव्हापासून आम्ही चौघी मॅडम एकत्र जातो. बाकीच्या तिघी पुलापलीकडे भंडाऱ्यात बसतात. गाडी माझी, लायसन्स माझं, चालवते मी. हे तीनदा सांगण्याचं कारण पुढे कळेलच.

पुलाच्या अलीकडे शालिकभाऊचं टायरचं दुकान आहे. टिनाचं शेड, समोर अर्धा गाडलेला पांढरा टायर आणि खडखड करणारा कॉम्प्रेसर. माणूस मेहनती. सकाळी सहाला दुकान उघडं, पंक्चर काढावं तर त्यानंच. फक्त एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नाही. ती म्हणजे, गाडीत हवा किती भरायची हे बाईला विचारता येतं!

माझं म्हणणं एवढंच होतं, की बाबा रे, एकदा तरी मला विचार.

* * *

पहिल्याच दिवशीची गोष्ट. मी गाडी उभी केली, काच खाली केली आणि म्हटलं, "भाऊ, चारही चाकांत तेहतीस भरा."

तो नळी घेऊन आला. मला पाहिलं, बाजूची रिकामी सीट पाहिली, मागची सीट पाहिली.

"सायेब कुठी हायेत?"

"घरी आहेत."

"मंग हवा किती भरू?"

"सांगितलं ना, तेहतीस!"

"हो जी," म्हणाला आणि खिशातून मोबाइल काढला. आमच्या मिस्टरांच्या मोटरसायकलचं पंक्चर तोच काढतो, म्हणून नंबर होता त्याच्याकडे. चार पावलं दूर जाऊन बोलला, परत आला आणि भरली हवा.

संध्याकाळी मिस्टर चहा पिता पिता म्हणतात, "तो शालिक विचारून राहिला होता, हवा किती भरू. मी पस्तीस सांगितली."

आमच्या मिस्टरांना कार चालवता येत नाही. स्टिअरिंगला हात लावलेला नाही कधी. मी विचारलं, "पस्तीस काहून?"

"पस्तीसला पास होते ना!"

* * *

मग बाबूजींचा नंबर लागला. बाबूजी म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी. उभा जन्म बैलगाडी हाकली, धानाची बांधी सोडून दुसरं काही पाहिलं नाही. त्यांना डोळे तपासायला भंडाऱ्याला नेत होते. मागच्या सीटवर आडवेतिडवे बसवलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा, हातात काठी.

शालिकभाऊ आला. मी तोंड उघडायच्या आत मागच्या खिडकीशी वाकला. "राम राम बाबूजी! किती भरू जी?"

बाबूजींना वाटलं, पोरगा चांगला आहे, अदबीनं विचारून राहिला. ते म्हणाले, "पोटभर भर रे बाप्पा! इचारतेत का असं?"

आणि यानं भरली! मी ओरडते आहे, "अहो बस! तेहतीस! तेहतीस!" पण कॉम्प्रेसरच्या खडखडाटात माझं कोण ऐकतं? पुलावर गाडी अशी काही उडत होती, की प्रत्येक जोडावर बाबूजींचा दुपट्टा टपाला लागायचा. डॉक्टरकडे पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पडला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "गाडी तशी बरी हाय. पण तू काहून उड्या मारवून राहिली तिले?"

मी कपाळावर हात मारला आणि त्यांचा हात धरून पायऱ्या चढवल्या.

* * *

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास आहे तर पेट्रोल पंपावर जा ना! गेले की! एका पंपावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, 'हवा मोफत'. सकाळी गेले तर पंपावरची पोरगी म्हणे, "हवावाले भाऊ जेवायले गेले." सकाळी साडेआठला! दुपारी चारला गेले, तरी जेवायलाच. शनिवारी गेले, तेव्हाही तेच. माणूस आहे का हत्ती?

दुसऱ्या पंपावर बटणांची मशीन होती. आपणच आकडा लावायचा, आपणच नळी लावायची. मला इतका आनंद झाला! स्वतः दाबून तेहतीस लावले. नळी लावायला खाली वाकले आणि उठून पाहते तर आकडा अठ्ठावीस. मागच्या गाडीतला माणूस शेजारी उभा. "मॅडम, उन्हाळा आहे ना. कमीच बरी असते."

मी परत तेहतीस केले. त्याच्या मागचा आला. "नाही हो, हायवेला जास्त लागते." दाबले छत्तीस! मग ते दोघं आपसात भांडायला लागले. भांडता भांडता बटणं अशी दाबली की मशीन टीं टीं करून बंदच पडली.

तेव्हा दोघंही माझ्याकडे वळले. "मॅडम, काय केलं तुम्ही मशीनले?"

* * *

बांते मॅडमना हे सांगितलं, तर त्या तापल्या. आमच्या शाळेत गणित शिकवतात. आवाज असा की चौथ्या वर्गातलं पोरगं दहाव्या वर्गात असल्यासारखं सरळ बसतं. म्हणाल्या, "उद्या आम्ही तिघी ऑटोनं कारध्याला येतो. चौघी मिळून जाऊ त्याच्याकडे. पाहतेच कसा विचारत नाही ते!"

आल्या बिचाऱ्या. चौघी गाडीतून उतरलो, चार चाकांजवळ चौघी उभ्या राहिलो. बांते मॅडमनी छातीवर हात बांधले.

शालिकभाऊनं नळी उचलली. एक चेहरा पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा, चौथा. कुठेच पुरुष नाही. आता याला इलाज नाही, आता विचारणारच, असं मला वाटलं.

त्यानं नळी खाली ठेवली, रस्ता ओलांडला आणि समोरच्या पानठेलेवाल्याला विचारलं, "अबे, या गाडीत किती भरतेत?"

पानठेलेवाल्याकडे सायकल आहे. त्यानं चुना लावता लावता आमच्याकडे मान वर करून पाहिलं आणि तिथूनच ओरडला, "चाळीस भर, चाळीस! वजन पाह्य ना!"

"वजन?" बांते मॅडम किंचाळल्या. "कोणाचं वजन?"

त्या रस्ता ओलांडून गेल्या आणि पानठेलेवाल्याला जे काय सुनावलं, ते लिहिण्यासारखं नाही. इकडे शालिकभाऊनं चाळीस भरून टाकले. बांते मॅडमना ओढून आणेपर्यंत शाळेला उशीर झाला होता. हवा उतरवून घ्यायला थांबले नाही, निघालो.

थांबायला पाहिजे होतं. ती चूक माझी.

* * *

एप्रिल होता, सकाळची शाळा होती. त्याच दिवशी साडेअकराला परत निघालो तर रस्ता नुसता भाजत होता. मोहाडी मागे टाकली, वरठी यायची होती. मागे दोघी पेंगत होत्या, बांते मॅडम पुढे पानठेलेवाल्याला अजून शिव्या घालत होत्या.

आणि धाड!

मागचं डावं चाक फुटलं. गाडी एका बाजूला ओढायला लागली, समोरून ट्रक. मी ब्रेक दाबला नाही. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सरांचं ते एकच वाक्य डोक्यात पक्कं बसलं होतं. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलला आणि गाडी कडेच्या मातीत नेऊन उभी केली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. मागच्या दोघी रडत होत्या. माझे हात स्टिअरिंगवरून सुटेचनात. बांते मॅडमनी एकेक बोट सोडवलं.

चौघींची घरं, चौघींची लेकरं माझ्या डोळ्यांसमोर आली. मग मलाही रडू कोसळलं.

तेवढ्यात पाच-सहा मोटरसायकली थांबल्या. "काय झालं जी? लागलं का?" विचारपूस केली, पाणी दिलं. माणसं चांगली. पण एकानं खिडकीतून डोकावून मला पाहिलं आणि बाकीच्यांना समजावून सांगितलं, "बाई चालवून राहिली होती. मंग तर फुटनच!"

रडणं तिथंच थांबलं माझं. असा राग आला, असा राग आला! मी उतरले, डिकी उघडली, जॅक काढला. बांते मॅडमनी पान्यावर पाय देऊन नट सोडवले. मोटरसायकलवाले "राहू द्या, आम्ही करतो" म्हणत राहिले, पण हात लावू दिला नाही कोणाला.

स्टेपनी बसवली, जॅक खाली केला, तर स्टेपनीही बसली. तिच्यात तर हवाच नव्हती! गाडी घेतल्यापासून कोणी भरलीच नव्हती. बैलगाडीच्या वेगानं वरठीपर्यंत गेलो.

* * *

दुसऱ्या दिवशी रविवार. तो फाटलेला टायर मी शालिकभाऊच्या पायाशी नेऊन टाकला. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि आतल्या पट्टीवरचा कागद दाखवला. एवढे दिवस मी तोंडानं सांगत होते, लिहिलेलं दाखवायचं सुचलंच नव्हतं.

"वाचा."

तो वाकला. पुसलं बोटानं. गाडीचं चित्र, चाकांची चित्रं आणि चाकांसमोर आकडे. तेहतीस. तेहतीस.

"हे काय हाय जी?"

"कंपनीनं लिहून दिलं आहे. या गाडीत किती हवा भरायची ते. प्रत्येक गाडीत असतं. इतकी वर्षं दुकान चालवता, कधी दार उघडून पाहिलं नाही?"

त्यानं एकेका आकड्यावरून पुन्हा बोट फिरवलं. मग फाटलेल्या टायरकडे पाहिलं. चेहरा एवढासा झाला त्याचा. खरं सांगते, मला वाईट वाटलं. चार बायकांचं काय झालं असतं, हे त्याला कळलं होतं. डोळे खाली घालून म्हणाला, "लय चुकलं."

मी म्हटलं, "जाऊ द्या भाऊ. यानंतर लक्षात ठेवा."

"ठेवतो जी," तो म्हणाला. मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "पण हे सायबानं काहून नाही सांगितलं मले?"

* * *

त्यानंतर मात्र माणूस बदलला, हे मान्य केलं पाहिजे. कोणतीही गाडी आली की आधी दार उघडून आतला कागद शोधायचा. नवा टायरही त्यानंच बसवून दिला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "कारध्याच्या मॅडमनं शिकवलं मले."

मागच्या आठवड्यात मी हवा भरायला गेले, तर पुढे एक भली मोठी काळी गाडी उभी. आतून एक साहेब उतरले. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा, कानात फोनचं बटण. साकोलीकडे जायच्या घाईत होते.

"चाळीस मार रे चारही."

शालिकभाऊ हलला नाही. "थांबा सायेब."

"काय थांबा? गाडी माझी आहे ना!"

"तुमची हाय जी. पण असं अंदाजानं नाही भरत मी. मॅडमले इचारतो." आणि माझ्याकडे वळला. "मॅडम, या सायबाच्या गाडीत किती भरू?"

माझ्या कानांवर माझाच विश्वास बसेना. दीड वर्ष! दीड वर्ष वाट पाहिली होती मी या प्रश्नाची. उतरले, साडीचा पदर नीट केला, साहेबांच्या गाडीचं दार उघडलं, आतला कागद वाचला. "पुढे पस्तीस, मागे छत्तीस."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही इंजिनिअर आहात का?"

"मी मराठी शिकवते."

"मॅडमले गाडीचं सारं समजते," शालिकभाऊ अभिमानानं म्हणाला. "लय हुशार बाई हाय."

पुढे पस्तीस, मागे छत्तीस, अगदी काटा पाहून भरली त्यानं. साहेब चष्मा हातात धरून पाहत उभे. पानठेलेवालाही पान लावायचं थांबून बघत होता. मी मनातल्या मनात बांते मॅडमना हे कसं सांगायचं, त्याची तयारी करत होते.

मग शालिकभाऊ नळी ओढत माझ्या गाडीकडे आला. चाकाजवळ उकिडवा बसला, व्हॉल्व्हची टोपी काढली, नळी धरली आणि मान वळवून त्या काळ्या चष्म्याच्या साहेबांना विचारलं,

"सायेब, मॅडमच्या गाडीत किती भरू जी?"