बिनविरोध धावताना

आमच्या गावच्या रस्त्यावर पायी दिसणारी व्यक्ती एकतर घरी भांडून निघालेली असते, नाहीतर तिच्या गाडीतले पेट्रोल संपलेले असते. तिसरी शक्यता विचारात घेतली जात नाही. दोन्ही परिस्थितींत ओळखीच्या माणसाने गाडी थांबवायची असते आणि पायी चालणाऱ्याने बसायचे असते. ही व्यवस्था निर्दोष होती. मी धावू लागेपर्यंत!

मी रांजणगावच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. जीवरसायनशास्त्र शिकलेली असल्यामुळे, दौंडची दहा किलोमीटरची शर्यत धावायचे ठरल्यावर मी आधी बूट न घेता प्रेरणेच्या मानसशास्त्राचे वाचन केले. (माझ्या मते हाच शास्त्रीय क्रम आहे.) निष्कर्ष असा निघाला, की ध्येय चारचौघांत जाहीर करावे, मग लाजेपोटी का होईना, माणूस धावतो. मी ते जेवताना आई आणि आप्पांसमोर जाहीर केले. नमुना फार लहान घेतला, हे पुढे लक्षात आले.

"कोन मागं लागलंय तुज्या?" आईने विचारले.

"कोणी नाही. स्वतःच्या समाधानासाठी धावणार आहे."

"समाधानासाठी लोकं झोपत्यात," आप्पा म्हणाले आणि पुन्हा विचारात बुडाले. ते गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीला उभे होते.

पहिल्याच सकाळी ओढ्याच्या अलीकडे एक मोटरसायकल थांबली.

"बसा ताई, सोडतो."

"नको दादा, मी धावतेय."

"ते दिसतंय की! म्हणून तर थांबलो!"

त्यानंतर दुधाची पिकअप थांबली. उसाचा ट्रॅक्टर थांबला. (त्याच्यापेक्षा मी वेगात होते, तरीही थांबला!) शेवटी बबननानांची जीप थांबली. नाना म्हणजे गावातल्या सर्वांत मोठ्या भावकीचे प्रमुख. नाना ज्याचे नाव घेतील, त्याला अख्खी भावकी मत देते.

"बस पोरी."

"नको नाना."

"आप्पाशी भांडलीस?"

"नाही."

"गाडी बंद पडली?"

"नाही."

"मग आमच्या जीपमंदी काटं हायेत का?"

मी धापा टाकत त्यांना आंतरिक प्रेरणेची संकल्पना समजावून सांगितली. नानांनी ती पूर्ण ऐकली, गिअर टाकला आणि ते निघून गेले. त्याच दुपारी त्यांच्या पुतण्याने आप्पांविरुद्ध अर्ज भरला.

"मानसशास्त्र वाचतीस आन् मानूस कळंना व्हय गं तुला?" आप्पा गरजले. "गाडी थांबली की बसायचं! इलेक्शन हाय!"

मी तडजोड काढली. गाडी थांबली की बसायचे, पुढच्या वळणावर उतरायचे आणि पुन्हा धावायचे. मतेही राखली जातील, स्नायूही! मात्र या सिद्धान्तात एक चल राशी धरायची राहिली होती, ती म्हणजे लोकांची तुलना करण्याची हौस.

"त्याच्या गाडीवर पार शाळंपतूर बसली, आन् आमच्या गाडीवरनं वढ्यालाच उतरली! म्या काय गाडी नीट चालवत न्हाई?"

आधी मी सगळ्यांचा सारखा अपमान करत होते. आता प्रत्येकाचा वेगवेगळ्या लांबीचा अपमान होऊ लागला.

अखेर आप्पांनी चहाच्या टपरीवर जाहीर केले, "डाक्टरनं पळाया सांगितलंय पोरीला."

"का? काय झालंय?"

"आतलं हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी बशी तोंडाला लावली.

त्या 'आतल्या'ने चमत्कार केला! आता एकही गाडी थांबेना. उलट गाड्या दिवे लुकलुकवत माझ्या मागून हळूहळू येऊ लागल्या. घरी कारल्याचा रस आला, अळिवाचे लाडू आले, अंगारा आला. शेवटी खुद्द नाना आले. माझ्या डोक्यावर हात ठेवून पुतण्याला म्हणाले, "घरात पोरीचं आसं, आन् तू आप्पाच्या विरोधात उभा ऱ्हातू? काढ अर्ज!"

आप्पा बिनविरोध निवडून आले. माझ्यासारख्या रुग्ण मुलीला गुलाल लावावा की नाही, यावर थोडी चर्चाही झाली.

शर्यत रविवारी होती. सोमवारी सोसायटीचा चेअरमन निवडला जायचा होता आणि तो नाना ठरवणार होते.

"जायचं न्हाई दौंडला," आप्पा म्हणाले. "ठणठणीत पळालीस तर नाना मला जित्ता ठेवंल का?"

"मग इतके दिवस मी धावले कशासाठी?"

"माज्यासाठी! निवडून आलो न्हवं!"

बाह्य प्रेरणेची इतकी स्वच्छ व्याख्या मला कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. मी जेवण सोडले. तेव्हा आई मध्ये पडली. "जाऊ द्या तिला. पन शितल, जरा आजारी मानसावानी पळ गं, बाई."

मी मान डोलावली. मनात मात्र ठरवले, की चेअरमनकी जावो की राहो, दौंडमध्ये माझ्या कष्टाचा खरा निकाल लागणारच! शर्यत सुटल्यापासून मी जीव तोडून धावले. श्वासाची लय, पावलांची लांबी, हातांची हालचाल, सारे काही वाचल्याप्रमाणे केले. सेल्फी काढत धावणारे एक जोडपे मला मागे टाकून गेले. मग बुटाची नाडी बांधायला दोनदा थांबलेले एक काका गेले. शेवटच्या वळणावर नाना आप्पांसकट जीपभर माणसे घेऊन उभे होते आणि पंच्याने डोळे पुसत ओरडत होते, "जिद्द बगा पोरीची! जिद्द बगा!"

सोमवारी आप्पा चेअरमन झाले. गळ्यातला हार काढता काढता ते माझ्या कानाशी आले.

"शितल, म्या घाबारलो व्हतो, तू जोरात पळतीस का काय म्हणून. पन काय ॲक्टिंग केलीस गं! आत्ता पडतीय का मग पडतीय, आसं वाटत व्हतं!"

मी नम्रपणे आभार मानले. इतक्या वेगाने मी आयुष्यात कधीच धावले नव्हते.