घरच्या माणसाला शाल

माझ्या नवऱ्याचा ठरलेला सत्कार मी स्वतःच्या हाताने मोडला. चंदीगडला आल्यापासून मूर्खपणा पुष्कळ केला, पण याची सर कशालाच नाही.

हे डासांवर संशोधन करायचे. प्रयोगशाळेत भागत नसे, म्हणून रविवारी काचेच्या बरणीत वळवळत्या अळ्या घेऊन सेक्टर बावीसच्या बाजारात उभे राहायचे. "देखो जी, ये आपके कूलर की फसल है!" लोक हसायचे, मग बरणीला नाक लावून बघायचे आणि घरी जाऊन कूलरचं पाणी ओतून टाकायचे. मी भाजीची पिशवी घेऊन चार दुकानं लांब. जणू हा गृहस्थ माझ्या ओळखीचाच नाही!

एका वर्षी गणपतीत आमच्या मराठी मंडळाने ठरवलं, सामान्य माणसाला समजेल असं विज्ञान सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला शाल-श्रीफळ द्यायचं. सगळ्यांनी यांचंच नाव घेतलं, पक्कंही केलं. कार्यक्रमाची सूत्रं माझ्याकडे. पुढच्या बैठकीत मी पदर सावरून म्हणाले, "घरच्याच माणसाला शाल? बरं दिसत नाही." केवढी विनयशील बाई! खरं म्हणजे पहिल्या रांगेत फौजी अधिकाऱ्यांच्या बायका बसणार आणि माईकवरून अळ्यांचं वर्णन होणार, याने माझा जीव चालला होता.

शाल दुसऱ्याच एका मोठ्या संशोधकाला गेली. त्यांचं भाषण कुणाला कळलं नाही. मागे मसालेभाताचं पातेलं उघडलं, तेव्हा कुठे लोक जागे झाले. तबक धरायला माणूस कमी पडला, तर मी उभं कुणाला केलं? यांनाच. "अहो, जरा धरा ना." यांनी धरलं. नंतर रिकामं तबक काखेत मारून टाळ्याही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

परवा नातीने विचारलं, "आजी, आजोबांना कभी अवॉर्ड नहीं मिला?"

"तुझ्या आजीने मिळू दिलं नाही."

"चल, झूठी!" ती हसत सुटली. एरवी मी थापाच मारते, तिचा काय दोष?

हे गेल्यापासून कूलर मीच रिकामा करते. पाणी ओतताना त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ समोर येते. हे व्हरांड्यात कूलर पुसत होते. मी चहा ठेवला आणि वर कौतुकाच्या आशेने विचारलं, "काय हो, कसा झाला कालचा कार्यक्रम?"

"छान झाला," हे म्हणाले. फडकं पिळलं, कूलरवर वाळत घातलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले,

"अगं, माझं नाव ठरलंय असं मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, त्याच दिवशी मी सांगलीला आईला फोन केला होता. तिने गल्लीत पेढे वाटले गं. आता तिला काय सांगू?"