आत्या माझ्याशी शुद्ध बोलू लागली

शिवरात्र झाली की दर शनिवारी मी कलबुर्गीहून आळंदची बस धरायचो आणि तिथून मादन हिप्परग्याला आत्याकडे जायचो. शहरातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवतो. पण माझी म्हणावीत अशी चित्रं व्हायची ती त्या महिना-दीड महिन्यात, आत्याच्या अंगणात. ज्वारीची काढणी उरकलेली असायची आणि बांधावरचे पळस फुलांनी लगडलेले असायचे. आम्ही दोघं सकाळच्या गारव्यात फुलं वेचून आणायचो. आत्या ती चुलीवर उकळून रंग काढायची. त्यात बाभळीचा डिंक घालून मी कागदावर रंगवत बसायचो.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. तिचं लहानपण कानडी गावांत गेलं, लग्नानंतर शेजार मिळाला तो दखनी उर्दू बोलणाऱ्यांचा. त्यामुळं तिच्या एका वाक्यात तीन भाषा सुखानं बसायच्या. "अप्पा, स्वल्प चुना टाक. साकु, साकु! इतकी जल्दी कामून करायलास?" स्वल्प म्हणजे थोडा, साकु म्हणजे पुरे. आम्हाला त्यात वेगळं काही वाटायचं नाही.

चित्रं मी मोबाइलवर टाकत असे. ओळखीचे चार लोक बघायचे, छान म्हणायचे. दोन वर्षांमागं एका सकाळी मी चित्राऐवजी आत्याचाच व्हिडिओ काढला. ती भगुन्यात फुलं ढवळत रंग कसा करायचा ते सांगत होती. चुना घातला की रंग कसा भडक होतो, तुरटीनं कसा पिवळा उघडतो. मध्येच तिला आपण कॅमेऱ्यासमोर आहोत याचं भान आलं आणि तिनं पदर सारखा केला.

तो व्हिडिओ कुठल्या कुठं गेला. कधी न पाहिलेली माणसं बघू लागली. मला शाळेतही चित्त लागेना. दर तासानंतर मोबाइल काढून मी आकडा बघत होतो. खाली लोकांनी लिहिलं होतं, ही मराठी आहे की कानडी? आजीबाईंना कुणीतरी दात द्या. साकु साकु म्हणत पोरांनी तिच्या नकला केल्या होत्या. मला थोडं खटकलं, खोटं कशाला सांगू. पण आकडा वाढत होता. एकानं तिच्या बोलण्याची फारच हुबेहूब नक्कल लिहिली होती. त्याच्याखाली मी हसरा चेहरा टाकला.

पुढच्या शनिवारी गेलो तेव्हा आत्या दारातच होती.

"या. बसा. चहा घेणार का?" ती म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय. जन्मभर तिनं मला "च्या पितूस का रं?" असंच विचारलं होतं. मी हसलो. ती हसली नाही. फुलं वेचताना, चुलीपुढं, जेवायला वाढताना, ती शब्द जुळवून, टीव्हीवरच्या बातम्यांसारखं बोलत होती. वहिनीशी बोलताना मात्र तिचं नेहमीचं बोलणं चाललं होतं.

वहिनी म्हणजे आत्याची सून. निघताना ती मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली.

"भावजी, त्यांनीच मागं लागून वाचून घेतलं," ती म्हणाली. "लोकं काय लिवलेत सांग म्हणल्या. लई खूश होत्या. मी दोन वाचले आन् गप बसले. तर न्हाई, समदं वाच म्हणल्या."

"समदं वाचलंस?"

"व्हय. तुमचं बी."

परतीच्या बसमध्ये बसून मी व्हिडिओ काढून टाकला. आळंद यायच्या आत खातंही बंद केलं. पुन्हा उघडलं नाही. रविवारी परत गेलो, रिकाम्या हातानं. मोबाइल घरीच ठेवला होता.

"आत्या, मी समदं पुसून टाकलो."

ती तुरीची डाळ पाखडत होती. सूप थांबवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "तू बी हासलास म्हणं," एवढं ती आपल्या बोलीत बोलली. मग डाळीतला खडा वेचत म्हणाली, "असू द्या. जेवून जा."

पुढच्या वसंतात मी दर शनिवारी गेलो. आत्या सोबत यायची, फुलं वेचायची, रंग करून द्यायची. पण किती चुना, कधी थांबायचं, हे ती बोलायची नाही, हातानंच दाखवायची. मी मुद्दाम कानडी शब्द घालून बोलायचो. ती ऐकून घ्यायची आणि "बरं" म्हणायची. मी माफी मागितली, दोनदा. "कशाबद्दल?" तिनं विचारलं, आणि मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

दिवाळीनंतर तिला कलबुर्गीच्या दवाखान्यात आणलं. फुप्फुसात पाणी झालं होतं. मी रोज शाळा सुटली की जाऊन बसायचो. नर्सशी ती कानडीत बोलायची. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी दखनीत, अगदी गळ्यात गळे घालून. मी गेलो की उशी सारखी करून म्हणायची, "आलात? त्रास कशाला घेतलात?"

नवव्या दिवशी पहाटे ती गेली. मी पोचलो तेव्हा वहिनी पायाशी बसली होती. शेवटचं काय बोलली, ते मी विचारलं नाही.

दिवसकार्याच्या जेवणाला गावातल्या बायका ओसरीवर बसल्या होत्या. एकीनं आत्याची आठवण काढली, ती बाजारात भाव कसा करायची ते तिच्या आवाजात करून दाखवलं. दुसरीनं तिची शिवी सांगितली, अर्धी कानडी अर्धी उर्दू. सगळ्या डोळे पुसत हसत होत्या. मला ते ऐकत बसवेना. उठून मी परसात गेलो आणि भांडी घासणाऱ्यांना पाणी ओढून देत राहिलो.

यंदा होळीच्या आधी एकदा जाऊन आलो. वहिनीनं फुलं आणून ठेवली होती, भगुनंही घासून ठेवलं होतं. चुना किती घालायचा ते आम्हा दोघांनाही नक्की सांगता येईना. अंदाजानं घातला. रंग काळपट आला. वहिनी म्हणाली, "पुन्हा करून बगू का?" मी नको म्हणालो. दुपारच्या बसला वेळ होता, तोवर तसाच बसून त्या काळपट रंगात बांधावरचं एक झाड काढलं. ते घरी कपाटावर पडून आहे.