शेवटच्या नंबरचं वाचन

डी.एड.च्या दुसऱ्या वर्षी सरावासाठी मला सालवडजवळची एक जिल्हा परिषद शाळा मिळाली. चौथ्याच दिवशी तिसरीची वाचन चाचणी माझ्याकडे आली, कारण वर्गाच्या बाई ऑफिसात ऑनलाइन माहिती भरत बसल्या होत्या. काम सोपं होतं. एकेका मुलाला व्हरांड्यातल्या टेबलापाशी बोलवायचं, परिच्छेदाचं कार्ड हातात द्यायचं, ऐकायचं आणि तक्त्यात नावापुढे खूण करायची: अक्षर, शब्द, वाक्य किंवा परिच्छेद. कार्ड सगळ्यांना एकच. तक्ता संध्याकाळपर्यंत केंद्रप्रमुखांकडे जाणार होता.

मी युनियनच्या घरात वाढले. वडील बोईसरच्या एमआयडीसीत कामाला, आणि घरी पत्रकांचे गठ्ठे. घड्या घालायचं काम माझं. अक्षरंही मी त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे सरकारी तक्ता म्हणजे खोटे आकडे, हे शाळेत पाऊल टाकायच्या आधीच मी ठरवून आले होते. त्या दिवशीचा पहिला खोटा आकडा मात्र मीच लिहिला.

हजेरीत आधी मुलगे, मग मुली, आणि सगळ्यात शेवटी पहिलीत मागाहून दाखल झालेली एक मुलगी. घरचे मराठवाड्यातले, वडील रंगाच्या कंपनीत. रांग व्हरांड्यातच बसवली होती, त्यामुळे तिच्या आधीच्या तेहतीस जणांचं वाचन तिनं ऐकलं. तिची पाळी आली. मी गठ्ठ्यातलं वरचं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं श्वास घेतला आणि सुरू झाली, "रविवारी आमच्या गावात बाजार भरतो. बाजारात ताज्या भाज्या येतात..." कुठे अडखळणं नाही. मागून एक मुलगा ओरडला, "ये, येवढ्या फास्ट कुटं चाललीस, गाडी सुटते काय?"

मी खुशीत 'परिच्छेद'च्या रकान्यात खूण केली. कार्ड परत घेतलं तेव्हा त्यावर पोपटाचं चित्र दिसलं. ते दुसरीचं कार्ड होतं. दुसरीच्या बाईंनी नुकताच आपला गठ्ठा त्याच टेबलावर ठेवला होता आणि मी दोन्ही एकत्र केले होते. पोपटाच्या कार्डावरून तिनं अख्खा बाजार वाचून दाखवला होता.

मधल्या सुट्टीत तिला वर्गात थांबवलं. पोपटाचं कार्ड पुढे धरलं आणि पहिल्या शब्दावर बोट ठेवलं. तिनं 'प' ओळखला. पुढचं तिला येत नव्हतं.

"मग सकाळी कसं वाचलंस?"

"पाठ झालं, ताई." आणि मग घाईघाईनं, "नाय येत असं नका लिहू. पप्पा बोलले, तिसरीत पण वाचता नाय आलं तर घरी बसायचं. मम्मीला कंपनीत जायचं हाय. बारकीला बघायला कोणच नाय."

मी ऑफिसात गेले आणि बाईंना सगळं सांगितलं. बाई जवळच्याच माहीमच्या, वीस वर्षं याच शाळेत. त्यांनी स्क्रीनवरून नजरही काढली नाही.

"राहू दे ती खूण."

"बाई, पण ते खोटं आहे."

"अगं, मला माहीत नाही का? मागच्या वर्षीही असंच केलंय तिनं. शाळेत राहिली तर आज ना उद्या शिकेल तरी. तू 'अक्षर' लिहिलंस तर बाप घरी बसवेल तिला. मग तुझा खरा आकडा काय करायचा?"

"पण 'परिच्छेद' लिहिलं तर तिला जादा तास मिळणारच नाही. मग ती शिकणार कशी?"

"बरं. तू दोन महिन्यांनी जाशील. आकडा तुझा, पोरगी माझी." मग त्यांनी तक्ता माझ्याकडे सरकवला. "लिही, तुला काय लिहायचं ते."

मी खूण खोडली आणि 'अक्षर' लिहिलं. मला बरं वाटलं. आज ते बरं वाटणंच मला जास्त खटकतं. माझ्या खरेपणाची किंमत मला भरायची नव्हती.

त्या आठवड्यात पालकांना निकाल कळवले गेले. सोमवारी मुलगी आली नाही. मंगळवारीही नाही. बाई हजेरी घेताना शेवटच्या नावाशी थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी तिच्या चाळीत गेले. ती दारात बसली होती, मांडीवर दीड वर्षाची बहीण. वडील पहिली पाळी करून आलेले, लुंगी लावून चहा पीत होते. मी शाळेतून आले म्हटल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"मॅडम, मला तर घरी धडाधडा वाचून दाखवायची ही. पुस्तक उघडलं की सुरूच."

"पाठ करून म्हणायची. तुम्हालाही फसवलं, मलाही."

"मग तीन वर्षं शाळेनं काय केलं?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. शिक्षक किती, कामं किती, जबाबदार कोण, सगळं मला तोंडपाठ होतं, आणि ते खोटंही नव्हतं. पण तिथे बसून ते म्हणणं म्हणजे मुलीनं बाजार म्हणून दाखवण्यासारखंच झालं असतं. मी म्हटलं, "केलं नाही. आता मी करते. शाळा सुटल्यावर रोज एक तास. बारकीला घेऊन आली तरी चालेल."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. आतून तिची आई म्हणाली, "दिवाळीपर्यंत थांबते मी. कंपनी कुठं पळून चाललीय?"

"दिवाळीपर्यंत," वडील म्हणाले. "त्यानंतर न्हाई जमलं तर घरी. मग मला समजवायला यायचं न्हाई."

बारकी तासाला यायची आणि खडू खायची. मुलगी आधी माझ्यावर चिडलेली होती, हे तिनं लपवलं नाही. मी शब्द म्हणून दाखवला की ती तोच म्हणून दाखवायची आणि कागदाकडे बघायचीच नाही. म्हणून मी म्हणून दाखवणं बंद केलं. रोज नवीन ओळ लिहायची आणि गप्प बसायचं. माझा सराव दसऱ्याच्या आधी संपला. पण बोईसरहून सायकलनं पंधरा मिनिटं, म्हणून मी जात राहिले. बाईंनी वर्गाची चावी शिपायाकडे न देता माझ्याकडे द्यायला सुरुवात केली.

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी वडील कंपनीतून थेट शाळेत आले. त्यांनी पुस्तक मागितलं नाही. खिशातून एक चुरगळलेला, कडेला पिवळा डाग पडलेला कागद काढला. कंपनीत वाटलेली सूचना होती.

"हे तिनं ऐकलेलं न्हाई. मलाबी कुणी वाचून दाखवलं न्हाई. वाच."

तिनं कागद खाली फरशीवर पसरला. "हा... त... हात... मो... जे." थांबली. "हातमोजे... घा... त..." पुढच्या जोडाक्षराला ती अडली. मागे गेली, परत आली. एका ओळीला इतका वेळ लागला की बारकी वर्गाबाहेर जाऊन परत आली.

"आधी तर बरी वाचत होती," वडील मला म्हणाले. "ही खरंच वाचायली का?"

"खरंच वाचतेय. म्हणून तर वेळ लागतोय."

त्यांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, कागद उचलतील. पण ते तिच्यासमोर उकिडवे बसले आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्यात काय लिवलंय?"